‘टँकर आला’चं शेवटचं कडवं

चांगुणाबाईंनी डीजेच्या गोडाऊनचं अर्धवट ओढलेलं शटर तळहातानं दणादणा वाजवलं. आतून कुणी ओ दिली नाही, तेव्हा त्यांनी पायातली चप्पल काढली आणि शटरवर तीच हाणली.

"माय, अगं दुपारची झोपली असतील माणसं," मोटारसायकल स्टँडला लावत शिवाजी म्हणाला.

"लोकाची झोप उडवायचाच तर धंदा हाये त्याचा."

शटर वर गेलं. बनियनवरचा सोमेश्वर डोळे चोळत बाहेर आला. टेंभुर्णीत आणि आसपासच्या खेड्यांत लग्न असो की जयंती, मिरवणुकीपुढं याचीच गाडी असते. शिवाजीच्या मुलाची, प्रेमची, वरातही त्यालाच सांगितली होती. मुलाचा बाप आणि आजी अशी भर उन्हात दारात पाहून त्याला वाटलं, लग्नच मोडलं.

"काही झालं का, काका?"

"काही न्हाई झालं," शिवाजीच्या आधी चांगुणाबाईच बोलल्या. "तू ते टँकरचं गाणं वाजवतो ना, त्याचं शेवटचं कडवं ऱ्हायलंय. ते घालायचं."

यंदाच्या लग्नसराईत या भागात ‘टँकर आला’ न वाजता एखादी वरात निघाली असेल, तर ती डीजेचा जनरेटर बंद पडल्यामुळंच तशी निघाली असेल. कुणीतरी कुठूनतरी जुन्या कॅसेटवरचा आवाज उचलला, त्याच्याखाली छाती हादरवणारा ठेका घातला आणि मोबाइलवर सोडून दिला. टँकर आला गं, टँकर आला, टाक ती भाकर, धर घागरीला. एवढ्या दोन ओळी सुरू झाल्या की नवरदेवाचे मित्र शर्टाची बटणं सोडून रस्त्यावर उतरतात. खरं तर ते दुष्काळातल्या बायकांचं रडगाणं. नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्याच सकाळी टँकरचं पाणी भरलेलं असतं, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. गाणं एकदा घराबाहेर पडलं की कुठं जाऊन काय करील हे त्याच्या मायबापालाही सांगता येत नाही.

कॅसेटवरचा तो आवाज शिवाजीच्या वडिलांचा, शाहीर कडूबांचा. पेटी, ढोलकी आणि मागं कोरस म्हणणारी दोन माणसं, एवढीच त्यांची गायन पार्टी होती. जयंतीपासून बारशापर्यंत बोलावणं येईल तिथं ते जात. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिवाजी आता जालन्याला बियाण्याच्या कंपनीत गोडाऊन सांभाळायचा. तिथं गाडी भरणाऱ्या पोरांच्या फोनवर हे गाणं वाजलं, तेव्हा हातातलं पोतं खाली ठेवून तो म्हणाला होता, "हा महा बाप गातोय." पोरं हसली होती. गावात मात्र अजून त्यांचं घर म्हणजे ‘शाहिराचं घर’च होतं, आणि दर जयंतीला ‘शाहीर कडूबांचे चिरंजीव’ म्हणून शिवाजीच्या गळ्यात हार पडायचा. त्या हाराचा त्याला अभिमान होता.

घरात ठिणगी पडली ती प्रेममुळं. जेवता जेवता तो फोनवर गाण्याखालचा मजकूर वाचत होता.

"आजी, इथं लिव्हलंय, पारंपरिक."

"म्हंजी?"

"म्हंजी जुनं. कुनाचंच न्हाई असं."

चांगुणाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"कुनाचंच न्हाई? गाणं काय बांधावर उगवलं व्हय?"

त्या दिवसापासून त्यांनी टुमणं लावलं होतं, की वरातीत हे गाणं वाजेल तर शेवटच्या कडव्यासकट वाजेल. इकडच्या गायन पार्ट्यांची रीतच तशी होती. गाणं बांधणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. नाव आलं की सभा टाळ्या वाजवायची आणि गाणं कुणाचं हा प्रश्न तिथंच मिटायचा. ज्याच्या नावावर जन्मात गुंठाभर जमीन झाली नाही, त्याचा सातबारा म्हणजे हे कडवं. पण नाचणाऱ्यांना गाण्याची सुरुवात पुरते. छाटणारा शेवटाकडून छाटतो, आणि त्यात पहिल्यांदा नाव जातं. आईचं म्हणणं शिवाजीला मनापासून पटलं होतं. बाबांचं नाव परत लागणार असेल तर टेंभुर्णीच काय, मंठ्यापर्यंत मोटारसायकल मारायला तो तयार होता.

सोमेश्वरला काही हे पटेना.

"आजी, गाणं लांबलं की पोरं खाली बसतात. दोन कडवे लई झाले."

"मंग ऱ्हाऊ दे. आम्ही मंठ्याहून बँड सांगतो."

"तसं न्हाई..."

"महा नातू हाये. महं घर हाये. हे कडवं न्हाई तर तुहा डीजे बी न्हाई."

सोमेश्वरनं शिवाजीकडं पाहिलं. शिवाजीनं मान हलवली. चांगुणाबाईंनी मग पिशवीतून पदराच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. सोमेश्वरच्या वडिलांच्या काळातला टेप गोडाऊनच्या मागच्या खोलीत होता. त्यावरची धूळ फुंकून त्यानं कॅसेट लावली. खरखर झाली आणि कडूबा गायला लागले. ठेक्याशिवायचा तो मोकळा आवाज ऐकून शिवाजी टेपच्या जवळ सरकला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याचा शेवट आला आणि खट् करून बटण वर उडालं.

"संपलं?" सोमेश्वर म्हणाला. "शेवटचं कडवं तर न्हाईच हिच्यात."

"न्हाईच. कॅसेटची बाजू भरली म्हणून कंपनीवाल्यानं कापलं व्हतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला ठावंच हाये."

"मंग कॅसेट कशाला आणली?"

"चाल बराबर बसायला. कडवं म्या म्हणते."

गाण्यांत नवरदेवाची, भाऊ-दादांची नावं भरायला सोमेश्वरनं एका कोपऱ्यात जुन्या गाद्या भिंतीला लावून माइकची खोली केली होती. चांगुणाबाई तिथं उभ्या राहिल्या. कानाला लावायचं त्यांनी लावू दिलं नाही. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि टेपवरचा ताल बोटांनी मांडीवर मोजून घेतला.

"खाली ठेका टाकतो ना, आजी?"

"न्हाई. टँकर आला की समदे वरडत्यात. नाव सांगताना गप बसायचं असतं."

त्या गायल्या. आवाज वयानं फाटला होता, पण सुरावर कुठं हलला नाही. शिवाजीला हे कडवं लहानपणापासून पाठ होतं. बाबांच्या शेकडो सभांत त्यानं ते ऐकलं होतं. दाराशी उभा राहून तोही आईबरोबर ओठ हलवत होता.

उभ्या उभ्या रांगेत जुळली गाणी,
चांगुणा म्हणे, आधी द्या पाणी.

शिवाजीचे ओठ ‘कडूबा’वर होते, ते तसेच राहिले.

"माय, चुकलं. बाबाचं नाव हाये तिथं."

"परत घेऊ का?" सोमेश्वरनं विचारलं.

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "बराबर हाये." आणि कॅसेट परत पदराच्या तुकड्यात गुंडाळायला लागल्या.

परतीच्या रस्त्यानं शिवाजीनं खड्डे न बघता गाडी हाणली. गाव अर्ध्यावर राहिलं तसं त्यानं एका लिंबाखाली मोटारसायकल थांबवली. आई उतरेपर्यंतही त्याला धीर नव्हता.

"हे काय करून राह्यली तू? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारपणी नवऱ्याचं गाणं स्वतःच्या नावावर केलं."

चांगुणाबाईंनी रस्त्याच्या कडेचा दगड पाहून बैठक मारली. त्यांना घाई नव्हती.

"ते त्याचं न्हाई. महं हाये. बाकीचे समदे त्याचे. हे एक महं."

"मंग बाबा चोर व्हते का?" शिवाजीचा आवाज चढला. शेतातून चाललेल्या एका माणसानं वळून पाहिलं.

"चोर कशाला? पार्टी त्याची, पेटी त्याची, सभा त्याची. बाईच्या नावाचं गाणं बाप्यानं उभं राहून कसं म्हणायचं? त्यानं इच्यारलं व्हतं मला. म्हणला, महं नाव घालू का? म्या म्हणलं, घाल. घरातलंच तर हाये."

"मंग आताच का? इतके वर्षं गप बसली ना?"

"बसले. अजून बी बसले अस्ते. लोकं कडूबाचं म्हणत व्हते तवर मला काहीच न्हाई वाटलं, शिवा. तुह्या बापाचं नाव निघालं की महं बी निघाल्यावानी वाटायचं. आता ते म्हणत्यात कुनाचंच न्हाई." त्यांनी नाक पदरानं पुसलं. "असं कसं कुनाचंच न्हाई? म्या जिती हाये ना अजून."

शिवाजीनं किक मारली. रागाच्या भरात त्याला दोनदा मारावी लागली.

घरी मांडव घातला जात होता, पाहुण्यांचे फोन येत होते, आणि तो कुणाशीही धड बोलत नव्हता. आई खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं, आणि याचाच त्याला जास्त राग होता. गळ्यात पडलेले सगळे हार त्याला आठवत होते. शाहीर कडूबांची ओळख म्हणजे तरी काय? लोकांना त्यांची बाकीची गाणी आठवतसुद्धा नव्हती. हे एक काढून घेतलं तर मागं काय राहणार होतं? गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती मुलानंच मांडायची असते, असं त्यानं मनाशी पक्कं केलं आणि दुसऱ्या दिवशी बाजाराच्या निमित्तानं एकटाच टेंभुर्णीला गेला.

"ते कडवं परत भरायचं," तो सोमेश्वरला म्हणाला. "म्या म्हणतो. बाबाच्या नावानं."

"आजीला काय सांगू?"

"ते महं म्या बघतो. तू जल्दी मशीन चालू कर."

गाद्या लावलेल्या कोपऱ्यात तो उभा राहिला. त्याचा आवाज वाईट नव्हता. बापाच्या घशातलं थोडं त्याच्याकडंही आलं होतं. सोमेश्वरनं हात केला. शिवाजीनं डोळे मिटले.

"उभ्या उभ्या रांगेत जुळली..."

तो थांबला.

"घसा बसला का, काका? परत घेऊ."

"उभ्या उभ्या रांगेत..."

पुन्हा थांबला. बाबा रांगेत कधी उभे होते?

ती रांग त्याला चांगली आठवत होती. चिंचेपासून थेट पाराच्या मागंपर्यंत बायकांच्या घागरी लागायच्या. तो एवढासा, आईनं पालथ्या घातलेल्या घागरीवर बसलेला. पुरुष पारावर असायचे. टँकर यायला दुपार व्हायची, आणि तोवर आई हातातल्या बांगडीनं रिकाम्या घागरीवर टक टक करत काहीबाही जुळवायची. पुढची बाई हसायची, मागची म्हणायची, "चांगुणे, सरपंचाला बी घाल की त्याच्यात." बाबा तेव्हा कार्यक्रमाहून आलेले असले तर घरी बाजेवर आडवे असायचे. आई डोक्यावर घागर घेऊन दारात आली की म्हणायचे, "भेटलं का पाणी?" आणि मग पेटी पुढं ओढून, "ते परत म्हण. हळू म्हण." ती चुलीपाशी बसून म्हणायची आणि ते पेटीवर शोधायचे. शिवाजी कोपऱ्यातून पाहायचा. बाबा आईला गाणं शिकवतायत, असं त्याला वाटायचं. आतापर्यंत त्याला तसंच वाटत आलं होतं.

तो माइकपासून बाजूला झाला.

"मंग, काका? कोनतं लावू वरातीला?"

"सांगतो," शिवाजी म्हणाला. पण सांगायला पुन्हा काही तो गेला नाही.

चांगुणाबाईंनीही त्याला काही विचारलं नाही. त्या हळदीत होत्या, पाहुण्यांत होत्या, भाकरी थापणाऱ्या बायकांना मीठ कमी पडल्याचं सांगत होत्या. एकदाच, दारातून जाताना, त्या त्याच्यापाशी थांबल्या.

"तू टेंभुर्णीला गेल्ता म्हणं."

"गेल्तो."

"बरं," असं म्हणून त्या आत गेल्या. शिवाजीला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

वरात दुपार कलताना निघाली. सजवलेल्या जीपमध्ये प्रेम घामाघूम बसला होता आणि त्याच्यापुढं सोमेश्वरची गाडी गल्लीतल्या पत्र्यांना कापरं भरवत बुद्धविहाराकडं सरकत होती. बायका मागं, कानात कापसाचे बोळे घालून. चांगुणाबाई मात्र सगळ्यांच्या पुढं, अगदी स्पीकरच्या बाजूला, कान उघडे ठेवून चालत होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. नाचत नव्हत्या, हसत नव्हत्या, कुणी बाजूला ओढलं तर हात सोडवून पुन्हा तिथंच येत होत्या. ज्या बाईनं टँकरची वाट पाहण्यात अर्धा जन्म काढला, तिला चौकापर्यंतची वाट काय जड होती?

चौक आला आणि पोरांनी ओरडा सुरू केला. "टँकर! टँकर!"

सोमेश्वरनं गाडीवरून शिवाजीला खूण केली. शिवाजी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेला.

"काका, तुम्ही सांगतो म्हणले व्हते. नुसतं गाणं लावू का..."

"गाणं लाव. पुढचं सांगतो."

ठेका पडला. जमीन हलली. कडूबांचा आवाज चौकभर झाला आणि पोरं तुटून पडली. कुणी टोपीची घागर केली, कुणी रांग लावून एकमेकांना ढकललं. सासू म्हणे माझी, नंबर लाव, दीर म्हणे वहिनी, पुढं धाव. बाबा गात होते आणि अख्खं गाव नाचत होतं, आणि शिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथंच थांबवलं तर काय बिघडणार होतं? बाबा इथं पूर्ण होते. त्यानं वळून पाहिलं. आई त्याच्याकडं बघत नव्हती. ती स्पीकरच्या काळ्या तोंडाकडं बघत उभी होती, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी मान ताठ ठेवून.

दुसरं कडवं संपत आलं. सोमेश्वरचं बोट पुढच्या गाण्याच्या बटणाकडं गेलं.

शिवाजी चाकावर पाय देऊन गाडीवर चढला.

"मायचं लाव," तो सोमेश्वरच्या कानात ओरडला.

ठेका एकदम बंद झाला. इतका आवाज असा अचानक थांबला की पोरांचे पाय हवेतच राहिले. त्या शांततेत एक म्हातारा, फाटलेला, सरळ आवाज सुरू झाला, उभ्या उभ्या रांगेत. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"ए, अडकलं का काय?"

"सोमेश्वर, कोन रडून राह्यलं? बदल ना!"

"अरे ठेका टाक!"

मागून कुणीतरी शिटी मारली. सोमेश्वर गोंधळला. वरात थंडावली तर उद्या नाव त्याचंच खराब होणार होतं. त्याचा हात सवयीनं बटणाकडं गेला. शिवाजीनं तो मनगटाशी धरला आणि घट्ट धरून ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "नाव यायचंय अजून."